अण्णांचा ग्लुकन २१२, गॅलॅक्टोमॅनन ०.३१: कोणत्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा?

औसेकर_पोरगा | मंगळवार, रात्री ११.५२

मंडळी, झोप लागंना म्हणून लिहायलोय. चुकीच्या विभागात धागा पडला असेल तर हलवा.

अण्णांना (वय ५९, शेती, आधी कसला आजार नाही) दिवाळीनंतर रक्ताचा कॅन्सर निघाला, ए.एम.एल. संभाजीनगरला किमो चालू आहे. बाराव्या दिवशी पांढऱ्या पेशी ३०० वर आल्या आणि ताप चढला. आधी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक दिलं, मग मेरोपेनेम हे दुसरं. ताप काही हटंना. शनिवारी डॉक्टर म्हणाले, रक्तात बुरशी गेलीय का बघू. रक्त पुण्याला पाठवलं, आज रिपोर्ट आले:

बीटा-डी-ग्लुकन २१२ (खाली लिहिलंय, ८० आणि वर पॉझिटिव्ह)
गॅलॅक्टोमॅनन ०.३१ (०.५ च्या खाली निगेटिव्ह)
ब्लड कल्चर इथंच लावलंय, आजपर्यंत वाढ नाही

म्हणजे एक म्हणतंय बुरशी आहे, दोन म्हणतात नाही. डॉक्टर राउंडला आले, "कॅस्पोफंजिन सुरू करतोय, बघू" म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडं गेले. मेडिकलवाल्यानं त्या बुरशीच्या इंजेक्शनच्या किमतीचा आकडा सांगितला तेव्हा मी काउंटरचा काठ धरला. पैसे भरायला ना नाही, कापूस विकून ठेवलेले आहेत. पण या तिन्हींत खरी तपासणी कोणती? जी खरी आहे तीच परत करून घेतो, बाकीच्या कशाला?

नळीवाला_बंडू | मंगळवार, रात्री १२.२०

दादा, मी जालन्यात रक्त गोळा करायचं काम करतो. आकड्यांचं डॉक्टर लोक सांगतील. मला एकच सांगा, ग्लुकनचं रक्त घेताना कोणती नळी होती? आमच्याकडं ग्लुकनसाठी लॅबवाले वेगळी नळी देतात आणि बजावून सांगतात, झाकण उघडायचं नाही, जवळ कापसाचा बोळा ठेवायचा नाही. मला आधी वाटायचं ही यांची नाटकं. मग एका मॅडमनी समजावलं की कापूस, गॉज, कागदाची धूळ यांतही तोच ग्लुकन असतो. तुमच्या घरात गाठोडी भरून कापूस आहे आणि तोच इथं रिपोर्ट बिघडवतो, गंमतच म्हणायची.

पेट्रीडिश | बुधवार, सकाळी ६.३५

औसेकर, मी सूक्ष्मजीवशास्त्रात आहे, मराठवाड्यातल्याच एका लॅबमध्ये. तुमच्या अण्णांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे औषध चालू-बंद करण्याबद्दल इथं कोणाचंही ऐकू नका, माझंही नाही. इंजेक्शन सुरू केलंय ते बरोबरच आहे. पेशी इतक्या खाली, अँटिबायोटिकवर चार-पाच दिवस ताप हटत नाही, अशा वेळी रिपोर्टची वाट न बघता बुरशीचं औषध सुरू करायचीच पद्धत आहे.

आता तुमच्या प्रश्नाचं. तुम्ही तिघांना एकच प्रश्न विचारलाय असं धरून चाललात. तसं नाही.

गॅलॅक्टोमॅनन ही ॲस्परजिलस नावाच्या बुरशीच्या भिंतीतली साखर. ही बुरशी हवेतून फुफ्फुसात जाते. धान्याच्या कोठारात, ओलसर भुश्शात, बांधकामाच्या धुळीत तिचे बीजाणू असतात. ०.३१ चा अर्थ एवढाच की ॲस्परजिलसची खूण रक्तात सापडली नाही. कँडिडा (यीस्ट प्रकारची दुसरी बुरशी) असेल तर ही तपासणी तिच्याकडं बघतच नाही.

बीटा-डी-ग्लुकन ही बऱ्याच बुरशींच्या भिंतीत असते. कँडिडा, ॲस्परजिलस, न्यूमोसिस्टिस सगळ्यांत. त्यामुळे ती "कोणीतरी आहे" म्हणते, कोण ते सांगत नाही. दारावर थाप ऐकू येते, माणूस दिसत नाही. आणि थाप कधी कधी वाऱ्याचीही असते.

कल्चर म्हणजे प्रत्यक्ष जिवंत जंतू वाढवून बघणं. वाढला तर वादच संपला. नाव कळतं, कोणतं औषध लागू पडेल ते कळतं. पण खोलवरच्या कँडिडाच्या आजारात कल्चर साधारण निम्म्या वेळाच सापडवून देतं. यकृतात, प्लीहेत बसलेली कँडिडा रक्तात फिरत नसेल तर बाटली रिकामीच राहते. ॲस्परजिलस तर रक्ताच्या बाटलीत जवळजवळ कधीच वाढत नाही.

म्हणजे तुमचे तीन रिपोर्ट एकमेकांशी भांडत नाहीयेत. "कँडिडा आहे" हे एकच उत्तर धरलं तरी तिन्ही जागच्या जागी बसतात. फक्त दुसरंही एक उत्तर बसतं, ते म्हणजे ग्लुकन खोटा वाढलाय. त्यासाठी मला सांगा: गेल्या आठवड्यात अल्ब्युमिनची बाटली लागली का? इम्युनोग्लोब्युलिन? प्लेटलेट, रक्त? डायलिसिस झालं का? एखादं ऑपरेशन, ज्यात गॉज भरलाय?

परखड_परभणीकर | बुधवार, सकाळी ८.१०

ताई, राग मानू नका, पण "आहेही असू शकतं, नाहीही असू शकतं" हे सांगायला एवढे पैसे घ्यायचे? आमच्या मेहुण्याच्या वेळी हाच खेळ झाला. ग्लुकन ३५०, घरात रडारड. आठ दिवसांनी म्हणाले बुरशी नव्हतीच. पुण्या-मुंबईच्या लॅबांचा धंदा आहे हा. इथल्या इथं होईल ती तपासणी करा, बाकी देवावर सोडा.

औसेकर_पोरगा | बुधवार, सकाळी ९.०५

@पेट्रीडिश ताई, बिलाचे कागद काढून बसलो. अल्ब्युमिन दोन बाटल्या, गुरुवारी आणि शुक्रवारी. प्लेटलेट चार वेळा. डायलिसिस नाही, ऑपरेशन नाही. छातीत सेंट्रल लाइन आहे, म्हणजे मोठ्या शिरेतली नळी, किमोसाठी घातलेली.

@बंडूभाऊ, नळीचं सिस्टरला विचारलं. सीलबंद नळी होती म्हणे, रक्त लाइनमधून घेतलं.

पेट्रीडिश | बुधवार, दुपारी १.४०

जेवायच्या सुट्टीत लिहितेय.

शनिवारच्या रक्ताच्या आदल्या दोन्ही दिवशी अल्ब्युमिन. हेच वाटलं होतं मला. अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन वगैरे तयार करताना सेल्युलोजच्या गाळण्यांतून गाळतात, त्यातून ग्लुकन उतरतो आणि सरळ शिरेत जातो. जुन्या प्रकारच्या सेल्युलोज पडद्यांवर डायलिसिस होणाऱ्यांतही हेच. माझा अंदाज विचाराल तर तुमचा २१२ निम्मा तरी बाटलीतला असावा. (अंदाज आहे. इंजेक्शन थांबवायला सांगत नाहीये, पुन्हा एकदा.)

परभणीकर, राग नाही आला. पण मेहुण्याचा ३५० खोटा होता म्हणून तपासणी खोटी ठरत नाही. तो आकडा कसा येतो ते ऐका, मजा आहे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर घोड्याच्या नालेच्या आकाराचा एक जुनाट समुद्री जीव राहतो. त्याचं रक्त निळं. त्याच्या रक्तपेशींना जंतूचा किंवा बुरशीचा कण लागला की रक्त थिजतं, तो त्याचा स्वतःचा बचाव. त्या थिजण्याच्या साखळीतला एक घटक फक्त ग्लुकनला ओळखतो. तेवढाच धागा वेगळा काढून ही तपासणी केलीय. मोजायचा आकडा एक मिलिलिटरमध्ये पिकोग्रॅमचा, म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. एवढं बारीक मोजणारं यंत्र गॉजच्या धाग्यानंही दचकणारच. ६० च्या खाली निगेटिव्ह, ८० आणि वर पॉझिटिव्ह, मधलं अधांतरी. हे फंगीटेल नावाच्या किटचे आकडे. जपानी वाको किटचे आकडे अगदी वेगळे, तिथं ७ लाच पॉझिटिव्ह धरतात. त्यामुळे दोन लॅबचे ग्लुकन शेजारी ठेवून "वाढला, उतरला" म्हणू नका. दुसऱ्यांदा करायचा तर त्याच लॅबला.

निवृत्त_मास्तर_अंबाजोगाई | बुधवार, दुपारी ४.१५

परभणीकरांच्या धंद्याच्या मुद्द्यावर एक गणित मांडतो, आठवीच्या पोराला जमेल असं. पेट्रीडिशबाई तपासतील.

आयसीयूत १०० माणसं धरा, त्यांतल्या ५ जणांना खरंच बुरशी आहे. तपासणी खऱ्या रोग्यांतले ८० टक्के पकडते आणि निरोगी ८० टक्क्यांना बरोबर सोडते असं धरू. मग ५ पैकी ४ सापडले. उरलेल्या ९५ पैकी १९ जणांना उगाच पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह २३, त्यांत खरे ४. परभणीकरांचे मेहुणे त्या १९ मधले.

आता दुसरी बाजू बघा. निगेटिव्ह आले ७७, त्यांत खरोखर बुरशी असलेला फक्त १. म्हणजे हीच तपासणी "नाही" म्हणते तेव्हा जवळजवळ खरं बोलते. परभणीकर, "आहे" ला पैसे फुकट गेले म्हणा हवं तर. पण त्या "नाही" वर रोजचं महागडं इंजेक्शन बंद करता येत असेल, तर हिशेब उलटा पडतो.

पेट्रीडिश | बुधवार, सायंकाळी ५.५०

मास्तर, तपासलं, पैकीच्या पैकी. तुमचे ८०-८० हे ग्लुकनच्या प्रत्यक्ष आकड्यांच्या फार लांबही नाहीत. फक्त औसेकरांचे अण्णा त्या शंभरातले साधे पाच टक्केवाले नाहीत. पेशी ३००, सेंट्रल लाइन, अँटिबायोटिकवर ताप. त्यांच्यासाठी ५ च्या जागी मोठा आकडा धरा, की पॉझिटिव्हचं वजन लगेच वाढतं. गणित तेच, माणूस बदलला.

गॅलॅक्टोमॅननचंही असंच. पेशी खाली गेलेल्या रक्ताच्या कॅन्सरवाल्यांत ती चांगली चालते. पेशी ठीक असलेल्या आयसीयूतल्या माणसात रक्तातली गॅलॅक्टोमॅनन बरेचदा निगेटिव्हच येते, कारण त्याच्या पांढऱ्या पेशी ती साखर साफ करत असतात. तिथं दुर्बीण घालून फुफ्फुस धुतलेल्या पाण्यातून करावी लागते. आणि बुरशी येऊ नये म्हणून पोसाकोनाझोल आधीच चालू असेल तर निगेटिव्हवर फार विसंबायचं नाही. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टममुळे ती खोटी पॉझिटिव्ह येते हे पूर्वी खूप गाजलं होतं, आताच्या औषधांत तो त्रास फारसा राहिलेला नाही.

गोदाकाठ | बुधवार, रात्री ९.३०

मी नांदेडची. या विषयावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण मास्तरांचं "नाही म्हणते तेव्हा खरं बोलते" वाचलं आणि राहवलं नाही.

२०२१ चा मे. आमचे हे कोविडमधून उठले, साखर ४०० च्या वर, स्टेरॉइड चाललेले. पाचव्या दिवशी डाव्या डोळ्याखाली सूज, गाल बधिर, नाकातून काळपट पाणी. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) रक्ताच्या बुरशीच्या तपासण्या केल्या. ग्लुकन निगेटिव्ह, गॅलॅक्टोमॅनन निगेटिव्ह. "बुरशी नाही, सायनस आहे" असं म्हणून दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घातली, काळं झालेलं मांस काढलं, काचेवर पोटॅशच्या थेंबात ठेवलं आणि तासाभरात मला बोलावून सूक्ष्मदर्शकात दाखवलं. फितीसारखे रुंद, वाकडेतिकडे धागे, मध्ये पडदे नाहीत. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ते चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. म्युकर, म्हणजे काळी बुरशी. मग तिच्यावरच्या ॲम्फोटेरिसिन औषधासाठी माझ्या दिरानं चार जिल्हे पालथे घातले. माणूस वाचला, डोळा गेला.

नंतर कळलं की म्युकरमध्ये या दोन्ही तपासण्या निगेटिव्हच येतात.

पेट्रीडिश | बुधवार, रात्री १०.४५

गोदाकाठ ताई, हे मीच पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. चूक माझी.

म्युकरच्या भिंतीत हा ग्लुकन मोजण्याइतका नसतो आणि गॅलॅक्टोमॅनन नसतं. तिथं आपल्याकडं रोजच्या वापरातली रक्ताची तपासणी नाही. रक्तातला म्युकरचा डीएनए पीसीआरनं शोधण्यावर युरोपात चांगलं काम झालंय, पण निदान अजूनही मांसाच्या तुकड्यावरच होतं. साखर वाढलेली, चेहरा सुजलेला, टाळूवर काळा डाग, अशा वेळी रक्ताच्या रिपोर्टची वाट बघायचीच नाही. आणि औसेकरांच्या अण्णांना चाललंय ते कॅस्पोफंजिन म्युकरवर चालत नाही, हेही त्यातच आलं.

मास्तर, तुमचं गणित बरोबर आहे, पण ते ग्लुकन ज्यांना ओळखतो त्यांच्यापुरतंच.

परखड_परभणीकर | बुधवार, रात्री ११.०५

गोदाकाठ ताई, काळजी घ्या साहेबांची. माझं धंद्याचं बोलणं तूर्त मागं घेतो.

संपादक मंडळ | गुरुवार, सकाळी ८.००

दोन प्रतिसाद उडवले आहेत. एकात वैद्यांचा फोन नंबर होता, दुसऱ्यात गोमूत्राचं प्रमाण. कृपया विषयावर राहा.

औसेकर_पोरगा | गुरुवार, सकाळी ११.२०

बातमी आहे. शनिवारची कल्चरची बाटली अजून रिकामीच आहे. पण सोमवारी परत कल्चर घेतलं होतं, ते काल रात्री वाजलं. सिस्टर म्हणाली मशीनचा दिवा लागला. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, काचेवर यीस्ट दिसलं, कळ्या फुटलेलं. नाव उद्या कळेल.

म्हणजे ग्लुकन खरं बोलत होता ना?

पेट्रीडिश | गुरुवार, दुपारी १.३०

खरं बोलत होता. माझा अल्ब्युमिनचा अंदाज चुकला, किंवा अर्धा बरोबर असेल, आता त्यानं काही फरक पडत नाही. बाटलीत यीस्ट दिसलं की ते सहसा खोटं धरत नाहीत. "चुकून आलं असेल" ही सवलत काही जिवाणूंना मिळते, कँडिडाला नाही.

सोमवारी रक्त किती आणि कुठून घेतलं होतं?

औसेकर_पोरगा | गुरुवार, दुपारी २.१०

सोमवारी नवीन सिस्टर होती. दोन्ही हातांतून आणि लाइनमधूनही, मोठ्या सिरिंजा. अण्णा म्हणाले, "ही बाई रक्त काढायलीय का दूध?" शनिवारी एकच बाटली, तीही तळाला थोडंसं.

नळीवाला_बंडू | गुरुवार, दुपारी २.२५

त्या सिस्टरला माझा नमस्कार सांगा. मोठ्या माणसाच्या एका बाटलीत ८ ते १० मिली जायला पाहिजे. लोक ३ मिली घालतात, पेशंट ओरडतो म्हणून. मग बाटली बिचारी पाच दिवस मशीनमध्ये फिरते आणि रिकामी बाहेर येते. बोल कल्चरला लागतो.

निवृत्त_मास्तर_अंबाजोगाई | गुरुवार, सायंकाळी ६.४०

एक शंका. पीसीआर कोविडमध्ये घरोघरी पोचलं. मग बुरशीला वाढवत बसायचं कशाला, तिचा डीएनएच का शोधत नाहीत?

पेट्रीडिश | गुरुवार, रात्री ९.५०

शोधतात की. अडचण अशी की कँडिडाच्या आजारात एक मिलिलिटर रक्तात बुरशीच्या एक-दोन पेशीही असू शकतात, आणि यीस्टची भिंत फोडून डीएनए बाहेर काढायला घाम गाळावा लागतो. कोविडमध्ये नाकात विषाणूंचा बाजार भरलेला असायचा. इथं जत्रेत हरवलेलं एक पोर शोधायचंय. शिवाय प्रत्येक लॅबची पद्धत वेगळी होती, त्यामुळे बरीच वर्षं कोणी फार भरवसा ठेवला नाही. ॲस्परजिलसच्या पीसीआरला बुरशीच्या आजाराच्या २०२० च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत जागा मिळाली, तीही रक्तात लागोपाठ दोन पॉझिटिव्ह आले तर.

अमेरिकेत २०१४ मध्ये टीटू-कँडिडा नावाच्या यंत्राला मान्यता मिळाली. बाटली न वाढवता सरळ रक्तातून, तीन ते पाच तासांत, पाच जातींची कँडिडा. चाचण्यांत ९१ टक्के पकडली आणि खोटे पॉझिटिव्ह जेमतेम. पण त्या पाचांत कँडिडा ऑरिस नाही, आणि आपल्या आयसीयूंत आज खरी धास्ती तिचीच आहे. २००९ मध्ये जपानमध्ये एका बाईच्या कानात सापडली म्हणून ऑरिस. फ्लुकोनाझोल या नेहमीच्या बुरशीच्या औषधाला बहुतेक वेळा दाद देत नाही, पलंगाच्या कठड्यावर चिकटून राहते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, त्यात ती सगळ्यात वरच्या गटात आहे. म्हणून कल्चर जुनाट, संथ, निम्म्यांना चुकवणारं असलं तरी सुटत नाही. कोणती कँडिडा आणि तिला कोणतं औषध, हे ग्लुकन कधीच सांगणार नाही.

गोदाकाठ | गुरुवार, रात्री १०.१५

मग पटकन होणारी आणि भरवशाची अशी एकही नाही का?

पेट्रीडिश | गुरुवार, रात्री १०.३०

आहे ना, क्रिप्टोकॉकसची. एचआयव्हीत सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशी) खूप खाली गेलेल्यांना मेंदूज्वर करणारी बुरशी. तिची पट्टी असते, रक्ताच्या थेंबावर, दहा मिनिटांत, आणि ९५ टक्क्यांच्या वर बरोबर. प्रेग्नन्सीच्या पट्टीसारखी दिसते. मला या सगळ्या खात्यात आवडणारी तीच एक तपासणी. ग्लुकन मात्र या बुरशीतही बरेचदा निगेटिव्ह येतो.

औसेकर_पोरगा | शुक्रवार, सायंकाळी ७.२०

नाव आलं. कँडिडा ट्रॉपिकॅलिस. डॉक्टर आज खुर्ची ओढून बसले. म्हणाले कॅस्पोफंजिन लागू आहे, पहिल्या दिवशी ७० मिलिग्रॅम दिलं, आता रोज ५०. लाइन काढली. रोज कल्चर घेणार, आणि ज्या दिवशी पहिलं स्वच्छ येईल तिथून १४ दिवस मोजायचे. पेशी वर आल्या की डोळ्यांच्या डॉक्टरांना बुबुळाच्या मागं बघायला बोलावणार, तिथं बुरशी जाऊन बसते म्हणे. ग्लुकन परत करायचा का विचारलं तर म्हणाले, आता गरज नाही, तो उतरायला आठवडेच्या आठवडे लावतो, उगाच घाबराल.

ताप आज १००.

पेट्रीडिश | शुक्रवार, रात्री ८.०५

ट्रॉपिकॅलिस आपल्याकडं नेहमीची, फारच नेहमीची. बाकीच्या जगात अल्बिकन्सचं जेवढं नाव, तेवढं आपल्या वॉर्डांत हिचं. लाइन काढली हे छान झालं. डोळ्यांचं विसरू देऊ नका, गर्दीत तेच राहून जातं.

औसेकर_पोरगा | सोमवार, सकाळी ७.४५

परवा शनिवारी घेतलेलं कल्चर अजून स्वच्छ आहे. आज सातवा डोस. पेशी ११००.

अण्णांनी काल रात्री पहिल्यांदा भाकरी मागितली. आहारवाल्या मॅडमनी खिचडीच दिली. मग मला म्हणाले, घरी जाऊन कापसाच्या खोलीला कुलूप लाव, त्या बंडूला सांग माझ्या कापसाचा काही दोष नव्हता.

नळीवाला_बंडू | सोमवार, सकाळी ८.१०

कळलं म्हणा अण्णांना. कापूस सुटला.